स्कूटरचं झाकण कुणी उघडायचं?

आज स्कूटरच्या इतिहासाबद्दल बोलायचं आहे. पण आधी मागच्या सोयाबीन काढणीच्या दिवसांतली एक गोष्ट सांगते.

गटाच्या कर्जाचे पैसे उचलायचे होते. आमच्या अध्यक्ष आणि सचिव, दोघीही सह्या करायला उदगीरला बँकेत येऊन बसल्या होत्या. दोघींनी त्या दिवसाची मजुरी बुडवली होती. कागदपत्रं माझ्याजवळ होती आणि मी जळकोट रोडवर बंद पडलेल्या स्कूटरपाशी उभी होते. बटण दाबलं, किक मारली, काही नाही. टाकीत पेट्रोल होतं. उन्हात गाडी ढकलत एका गॅरेजपर्यंत नेली. तिथल्या माणसानं एक झाकण काढलं, आत हात घालून काहीतरी दाबलं आणि गाडी सुरू झाली. "कार्बोरेटरचं काम होतं, ताई," म्हणत त्यानं २५० रुपये घेतले. पाच मिनिटंही लागली नव्हती. मी बँकेत पोचले तेव्हा खिडकी बंद झाली होती. दोघींची मजुरी गेली ती गेली, दुसऱ्या दिवशी पुन्हा खेटा पडला.

रात्री वडिलांना सांगितलं. आमचे अण्णा निवृत्त शिक्षक. ते म्हणाले, "प्लगची टोपी निघाली असेल. पाच मिनिटांत कार्बोरेटर कुणी साफ करतं का?" मी गप्प झाले. अण्णांना जे घरबसल्या कळतं, ते मला अकरा वर्षं गाडी चालवून का कळू नये? या प्रश्नाचं उत्तर मला स्कूटरच्या इतिहासात सापडलं.

स्कूटर आपल्याकडं आली इटलीहून. दुसऱ्या महायुद्धात तिथला पियाज्यो कंपनीचा विमानांचा कारखाना बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला. युद्ध संपल्यावर लोकांना स्वस्तातलं वाहन हवं होतं. कंपनीनं ते काम कोराडिनो दास्कानिओ या विमानाच्या इंजिनिअरला दिलं. या माणसाला मोटरसायकल आवडत नसे. बसायला अवघड, तेलानं कपडे खराब होतात आणि पंक्चर झालं की चाक काढताना नाकी नऊ येतात, असं त्याचं म्हणणं. म्हणून त्यानं इंजिन झाकून टाकलं, साखळीच ठेवली नाही आणि पाय ठेवायला पुढं मोकळी जागा सोडली, म्हणजे झगा घातलेल्या बाईलाही सहज बसता यावं. चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूनं धरलेलं ठेवलं, म्हणजे ते चटकन काढता यावं. १९४६ साली ही गाडी बाजारात आली. तिचं नाव वेस्पा, म्हणजे गांधीलमाशी.

यातली गंमत लक्षात घ्या. बाईला बसता यावं आणि चालवणाऱ्याला स्वतः चाक बदलता यावं, या दोन्ही गोष्टी स्कूटरच्या जन्मापासूनच तिच्यात होत्या. आपल्यापर्यंत येताना पहिली गोष्ट अर्धीच आली. दुसरी आली, पण फक्त पुरुषांसाठी.

भारतात बच्छराज ट्रेडिंग ही बजाज घराण्याची कंपनी १९४८ पासून बाहेरदेशी बनलेल्या स्कूटर आणि तीनचाकी आणून विकायला लागली. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला आपला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला. आपलं उदगीर तेव्हा बिदर जिल्ह्यात होतं. आपल्याकडच्या खेड्यांत तेव्हा बैलगाडी हेच वाहन, स्कूटर कुणी पाहिलीही नसेल. पुढं परकीय चलन वाचवायचं म्हणून सरकारनं आयातीवर बंधनं घातली आणि माल देशातच बनवायचं धोरण घेतलं. पन्नाशीच्या दशकात मुंबईत लँब्रेटा ही दुसरी इटालियन स्कूटर जोडली जाऊ लागली. १९५९ साली बजाजला स्कूटर बनवायचा परवाना मिळाला आणि पियाज्योशी करार करून वेस्पा इथं तयार होऊ लागली. १९७१ साली तो करार संपला. मग त्याच धाटणीची गाडी बजाजनं स्वतःच्या नावानं काढली. १९७२ साली आलेल्या त्या गाडीला महाराणा प्रतापांच्या घोड्याचं नाव दिलं, चेतक. १९८५ साली औरंगाबादजवळ वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. म्हणजे इटलीची ही लेक आपल्या मराठवाड्यात नांदायला आली.

पण गाडी मिळणं सोपं नव्हतं. किती गाड्या बनवायच्या हे सरकारी परवान्यावर ठरत असे, आणि मागणी त्याहून कितीतरी जास्त होती. पैसे भरून नाव नोंदवायचं आणि वाट बघायची. काहींना आठ-दहा वर्षं थांबावं लागलं. इतकी वाट बघून मिळालेली गाडी माणूस जन्मभर सांभाळायचा. शोरूम जिल्ह्याच्या गावी. त्यामुळं गाडीचा मालक हाच तिचा पहिला मिस्त्री झाला.

गाडीही तशी साधी होती. टू स्ट्रोक इंजिन. इंजिनाला वंगण मिळावं म्हणून पेट्रोलमध्येच ऑईल मिसळायचं, लिटरला साधारण २० मिली. जास्त झालं की धूर आणि प्लगवर काजळी, कमी झालं की इंजिन जाम. प्लग काढून बघितला की गाडीची तब्येत कळायची. विटकरी-तपकिरी असला तर ठीक, काळाकुट्ट असला तर ऑईल जास्त किंवा हवा कमी, पांढरा पडला तर इंजिन फार तापतंय. पॉलिश पेपरनं काजळी घासायची, प्लग परत बसवायचा, किक मारायची. सकाळी गाडी सुरू झाली नाही तर पेट्रोल कार्बोरेटरकडं यावं म्हणून ती एका अंगावर कलवायची. क्लचची वायर तुटली तर डिकीतली दुसरी टाकायची. पंक्चर झालं तर स्टेपनी लावायची, कारण पुढचं-मागचं चाक सारखंच. तीनचाकी रिक्षाचं इंजिनही बरंचसं याच जातीचं, म्हणून सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळायचे.

अण्णांनी जुनी चेतक घेतली तेव्हा मी शाळेत होते. रविवारी अंगणात पोतं अंथरून ते गाडी उघडायचे. माझा धाकटा भाऊ शेजारी बसायचा. "बारा नंबरचा पाना दे," "पक्कड धर," असं चालायचं. भाऊ दहा वर्षांचा असताना प्लग काढू शकायचा. मी त्याच्याहून मोठी, पण माझ्याकडं काम काय? चिंध्या आणून देणं, हात धुवायला पाणी देणं आणि चहा करणं. मला कुणी हाकललं नाही, पण "ये, बघ" असंही कुणी म्हटलं नाही. आई तर त्या गाडीवर कायम मागं, एका अंगानं बसलेली, मांडीवर पिशवी. बापाकडून मुलाकडं जाणारी ही विद्या अशी आम्हा मायलेकींच्या शेजारून निघून गेली.

मग काळ बदलला. १९७२ सालीच पुण्याच्या फिरोदियांची लूना आली होती, हलकी, पायडल असलेली. १९८४ साली त्यांच्या कायनेटिक कंपनीनं जपानच्या होंडाशी भागीदारी केली आणि गिअर नसलेली, बटणावर सुरू होणारी स्कूटर काढली. नव्वदच्या दशकात स्कूटी आली, २००१ साली ॲक्टिव्हा. गिअरचं ओझं गेलं तसं हँडल बायकांच्या हातात आलं. आज बँक सखी, आशाताई, अंगणवाडीताई याच गाड्यांवर गावोगाव जातात. ही छोटी गोष्ट नाही. पण ज्या काळात हँडल आपल्या हातात आलं, त्याच काळात घरची दुरुस्ती बंद झाली. इंजिन प्लॅस्टिकच्या झाकणाआड गेलं, सर्व्हिसिंगचं कार्ड आलं, शोरूम तालुक्याला आली. पुरुषांनी निदान जुनी गाडी उघडलेली होती. आपण गाडीवर बसलो तेव्हा ती बंद होऊनच मिळाली. त्या दिवशी गॅरेजवाल्यानं सांगितलं ते खरं मानण्याशिवाय माझ्यापाशी दुसरं काही नव्हतं, त्याचं कारण हे.

त्या प्रसंगानंतर आम्ही एक ठरवलं. गटाच्या मासिक बैठकीत हप्ता आणि हजेरी झाली की अर्धा तास गाडीला द्यायचा. पहिल्या वेळी अण्णांना बोलावलं. ते सवयीनं पाना घेऊन स्वतःच खाली बसले. आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही तोंडानं सांगा. हात आमचे." शिवणकाम करणारी एक वहिनी झाकणात डोकावून म्हणाली, "आमच्या मशीनला तेल-धूळ बघावी लागते तसंच आहे की हे."

आम्ही शिकलो ते एवढंच. गाडी बंद करून, इंजिन थंड झाल्यावरच हात लावायचा. प्लगची टोपी घट्ट आहे का बघायची, प्लग पान्यानं काढून त्याचा रंग बघायचा. गाडी मधल्या स्टँडवर सपाट जागी उभी करून ऑईलची कांडी बघायची, तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. टायरमधली हवा पंधरा दिवसांनी, गाडी चालवण्याआधी तपासायची. ब्रेकचा लिव्हर सैल झालाय का, बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी धरलीय का, हे बघायचं. एअर फिल्टर कसा साफ करायचा किंवा कधी बदलायचा हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत वाचायचं, कारण प्रत्येक गाडीचा वेगळा असतो. आतला बेल्ट, ब्रेकचे लायनर आणि इंजिन मिस्त्रीकडंच. एप्रिल २०२० नंतरच्या गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन असतं, तिथं घरी हात घालायचा नाही. पण मिस्त्रीकडं गेलं तरी शेजारी उभं राहायचं, काय बिघडलं ते विचारायचं आणि काढलेला जुना भाग मागून घ्यायचा.

२०२० साली चेतक परत आली, पण विजेवर चालणारी. तिला ना प्लग, ना ऑईल, ना कार्बोरेटर. म्हणजे अण्णांची विद्याही आता जुनी होणार. नवी गाडी बायकांना आणि पुरुषांना सारखीच नवी आहे. टायर, ब्रेक, चार्जिंगची वायर, बॅटरीची निगा हे सगळ्यांनाच पहिल्यापासून शिकायचं आहे. या वेळी आपण चिंध्या आणि पाणी घेऊन बाजूला उभं राहायचं नाही.

गेल्या महिन्यात आमच्या सचिवताईंची गाडी बाजारात बंद पडली. त्यांनी रस्त्याकडेला लावून प्लगची टोपी बसवली आणि घरी आल्या. मला फोनवर म्हणाल्या, "कुणाला हाक मारली नाही." मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत तुमच्यातली जी गाडी घेऊन येते, तिची गाडी मध्ये उभी करा आणि झाकण उघडून बघा. आत काय काय आहे, ते एकदा सगळ्यांनी मिळून मोजा.