रोमच्या पाण्याची तूट आणि फ्राँटिनसचा हिशेब

नगरास पाणी अपुरे पडू लागले म्हणजे नवा उगम शोधावा, ही प्रवृत्ती फार जुनी आहे. आणलेले पाणी वाटेत कोठे जाते, हा प्रश्न त्या मानाने क्वचितच विचारला गेला. तो चिकाटीने विचारणाऱ्या प्राचीन अधिकाऱ्यांत सेक्स्टस ज्यूलिअस फ्राँटिनस याचे स्थान महत्त्वाचे आहे. इ. स. ९७ मध्ये सम्राट नर्व्हाने त्यास रोमच्या जलव्यवस्थेचा प्रमुख नेमले. त्या वेळी नगरास नऊ जलवाहिन्यांतून पाणी येत असे.

प्रथम त्याने दप्तर तपासले. सव्वा रोमन अंगुळे व्यासाच्या नळीचे छेदक्षेत्र म्हणजे एक ‘क्विनारिया’. या परिमाणाने जमेस १२,७५५ आणि वाटपास १४,०१८ असे आकडे होते. म्हणजे जमेहून खर्चच अधिक! प्रत्यक्ष मोजणीत याहून मोठी विसंगती आढळली. आप्पिया या जलवाहिनीची नोंद ८४१ची होती, मोजमाप १,८२५ भरले आणि वाटप अवघे ७०४ होते. यांतील काही पाणी भूमिगत पाटाच्या गळतीने, तर काही चोरट्या नळांनी जात होते.

चोरीची रीत भाषादृष्ट्याही उद्बोधक आहे. फरसबंदीखालील नळांना भोके पाडून पाणी विकणाऱ्यास ‘आ पुंक्तिस’ म्हणत. ‘पुंक्तुम्’ म्हणजे टोचा किंवा छिद्र. राजदरबारातील पत्रव्यवहाराचा अधिकारी ‘आब् एपिस्तुलिस’ म्हणून ओळखला जाई. त्याच घडणीचे हे नाव आहे. चोरीस हुद्द्याचे नाव मिळावे, यावरून ती किती रुळली होती याची कल्पना येते. पाण्याचा हक्क नव्या मालकाकडे गेला, की पाणके हौदास नवे छिद्र पाडीत व जुने विक्रीसाठी राखून ठेवीत. म्हणूनच नळाच्या मुखाशी बसवावयाच्या कांस्य तोटीवर अधिकृत शिक्का असण्याविषयी फ्राँटिनस दक्ष होता.

त्याच्या आकड्यांस मर्यादा आहे. प्रवाहाच्या वेगाने पाण्याचे प्रमाण बदलते हे त्यास ठाऊक होते. परंतु तो वेग हिशेबात धरण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते. त्यामुळे सर्वच तफावत चोरीच्या किंवा गळतीच्या खाती टाकता येत नाही.

हे साधन पुढे आले ते एकोणिसाव्या शतकात. १८७३ मध्ये लिव्हरपूलचा अभियंता जॉर्ज डीकन याने एकेका विभागाचा प्रवाह कागदावर अखंड नोंदविणारे यंत्र सिद्ध केले. रात्री वापर किमान असताही जो प्रवाह उरे, तो बहुतांशी गळतीचा निदर्शक ठरे. मग एकेका रस्त्याच्या झडपा बंद करून ती जागा हुडकता येई. फ्राँटिनसने पाणी किती हरवले हे विचारले, डीकनने ते कोठे हरवते हे दाखविले. दोघांच्याही कार्याचे मर्म एकच: जमा व वाटप यांची प्रामाणिक तुलना केल्यावाचून नगराची खरी तहान कळत नाही, आणि हरवलेले पाणी परत मिळविणे हे नवा उगम लाभण्यासारखेच असते.