डुआर्सचा लोहमार्ग : चहामळ्यांपासून हत्तींच्या वाटांपर्यंत – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

हिमालयाच्या पायथ्याशी, पश्चिमेस तिस्ता व पूर्वेस संकोश या नद्यांच्या दरम्यान पसरलेला अरण्यमय प्रदेश 'डुआर्स' या नावाने ओळखला जातो. डुआर म्हणजे द्वार. भूतानच्या डोंगरांतून मैदानात उतरणाऱ्या वाटांवरून या प्रदेशास हे नाव मिळाले. आज हा प्रदेश मुख्यतः पश्चिम बंगालच्या जलपायगुडी व अलीपूरद्वार या जिल्ह्यांत मोडतो. सालवृक्षांची दाट वने, ओळीने लावलेले चहाचे मळे आणि पावसाळ्यात पात्र सोडून धावणाऱ्या नद्या ही त्याची ठळक वैशिष्ट्ये होत. या प्रदेशातून सिलीगुडी ते अलीपूरद्वार हा सुमारे १६१ किलोमीटर लांबीचा लोहमार्ग जातो.

भारतीय रेल्वेच्या इतिहासलेखनात मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून निघणाऱ्या मोठ्या मार्गांना साहजिकच प्राधान्य मिळाले आहे. प्रादेशिक मार्गांची दखल बहुधा पर्यटनाच्या किंवा अभियांत्रिकी नवलाच्या अंगानेच घेतली जाते. याच परिसरातील दार्जिलिंगची छोटी गाडी जगप्रसिद्ध झाली. तिच्या शेजारचा डुआर्सचा मार्ग मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिला. वास्तविक, वसाहतकालीन भांडवल, फाळणी आणि स्वातंत्र्योत्तर विकासनीती या तिन्हींचे ठसे एकाच मार्गावर उमटलेले पाहावयाचे असतील, तर याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) डुआर्समधील लोहमार्गाच्या उभारणीमागील आर्थिक कारणांचा शोध घेणे.
२) १९४७ च्या फाळणीमुळे या मार्गाच्या दिशेत व प्रयोजनात झालेला बदल तपासणे.
३) मार्गाच्या रुंदीकरणाचा वन्यजीवांवर झालेला परिणाम ऐतिहासिक संदर्भात समजून घेणे.

लेखासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून, जिल्हा गॅझेटियरमधील आकडेवारी, प्रादेशिक इतिहासग्रंथ व वन्यजीवविषयक अभ्यास या दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

चहा आधी, रेल्वे नंतर

१८६४-६५ च्या इंग्रज-भूतान युद्धानंतर ११ नोव्हेंबर १८६५ रोजी सिंचुला येथे तह झाला आणि डुआर्सचा प्रदेश ब्रिटिशांच्या ताब्यात आला. १८६९ मध्ये जलपायगुडी जिल्ह्याची निर्मिती झाली. १८७४ मध्ये गजालडोबा येथे पहिला चहामळा सुरू झाला आणि चार वर्षांनी, १८७८ मध्ये, डुआर्समधील मळेवाल्यांची स्वतंत्र संघटना अस्तित्वात आली.

चहाची वाढ किती वेगाने झाली, हे गॅझेटियरच्या आकड्यांवरून स्पष्ट होते. १८७६ मध्ये १३ मळे व ८१८ एकर, १८८१ मध्ये ५५ मळे व ६,२३० एकर, १८९२ मध्ये १८२ मळे व ३८,५८३ एकर, तर १९०१ मध्ये २३५ मळे व ७६,४०३ एकर अशी ही चढती कमान आहे. रेल्वे आली आणि तिच्या मागून चहा आला, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. उपरोक्त आकडे मात्र वेगळे सांगतात. रेल्वे सुरू होण्यापूर्वीच १८२ मळे उभे होते. बैलगाड्या व होड्या यांच्या बळावर तयार चहा नदीपार पोहोचविला जात होता. रेल्वेने चहा निर्माण केला नाही. चहाने रेल्वे मागून घेतली. अर्थात रेल्वे आल्यानंतरच्या काळात लागवडीखालील क्षेत्र जवळजवळ दुप्पट झाले, हेही तितकेच खरे आहे.

या मागणीतून १८९१ मध्ये 'बंगाल डुआर्स रेल्वे' या खाजगी कंपनीची स्थापना झाली. १८९३ मध्ये तिस्तेच्या पूर्वतीरावरील बार्नेस घाटापासून डामडिमपर्यंतचा मीटरगेज मार्ग व लाटागुडीहून रामशाईकडे जाणारी शाखा सुरू झाली. बार्नेस घाटासमोर, नदीच्या पलीकडे जलपायगुडी हे ईस्टर्न बेंगॉल मार्गावरील स्थानक होते. चहाच्या पेट्या रेल्वेने घाटावर येत, होडीने तिस्ता पार करीत आणि पुन्हा रेल्वेने कलकत्त्यास जात. पुढे विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या वर्षांत मार्ग तीन दिशांना वाढला : दक्षिणेस लालमणिरहाटपर्यंत, पश्चिमेस बागराकोटपर्यंत आणि पूर्वेस मालहून चालसा, नागराकाटा, बानरहाट या मार्गे मदारीहाटपर्यंत. तिस्तेलगतचे दोमोहनी हे कंपनीचे मुख्य ठाणे होते.

त्याच सुमारास तोरसा नदीच्या पूर्वेस कूचबिहार संस्थानचा लोहमार्ग उत्तरेकडे राजाभातखावा व जयंती येथपर्यंत पोहोचला. लाकूड व खनिज डोंगरपायथ्याहून खाली आणणे हे त्याचे प्रमुख काम होते. सालाचे लाकूड स्लीपरसाठी उत्तम समजले जात असल्याने जंगल हे रेल्वेचे गिऱ्हाईकही होते आणि तिचे भक्ष्यही. वनखात्याने मजूर हाताशी राहावेत म्हणून जंगलांत वसविलेली वनग्रामे हा याच अर्थव्यवस्थेचा भाग होता.

येथे एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. तोरसेच्या दोन्ही बाजूंना रेल्वेची जाळी होती, पण ती परस्परांना जोडलेली नव्हती. दोन्हींची तोंडे दक्षिणेस, कलकत्त्याच्या बाजारपेठेकडे वळलेली होती. मदारीहाट व हासीमारा या शेजारच्या दोन ठिकाणांमध्ये रूळ नव्हते. कारण चहाला त्याची गरज नव्हती.

मळ्याच्या कुंपणाबाहेरचे जग

चहामळ्यांतील श्रमिक प्रामुख्याने छोटा नागपूर परिसरातील उराँव, मुंडा, संथाळ या आदिवासी समाजांतून व नेपाळी समाजातून आले. आसामप्रमाणे येथे करारबद्ध मजुरीचा कायदा लागू नव्हता. 'सरदार' गावी जाऊन माणसे आणीत असे. कायद्याने मजूर मोकळा असला, तरी मळ्याच्या व्यवस्थेत तो बाहेरच्या जगापासून तुटलेलाच होता. मळ्यात परक्या माणसाचा प्रवेश व्यवस्थापनाच्या मर्जीवर अवलंबून असे.

ही कोंडी ज्या मार्गांनी फुटली, त्यांत रेल्वे महत्त्वाची ठरते. रूळ मळ्यांना लागून जात होते आणि रेल्वे कामगार मळेवाल्यांचे नोकर नव्हते. रणजित दासगुप्ता यांनी जलपायगुडीच्या इतिहासावरील आपल्या १९९२ मधील ग्रंथात या संबंधावर प्रकाश टाकला आहे. १९४६-४७ मध्ये रेल्वे कामगारांची संघटना, चहामळ्यांतील श्रमिकांची जुळवाजुळव आणि बटाईदारांचा तेभागा लढा हे तीन प्रवाह डुआर्समध्ये एकत्र आले. पिकाचा दोन-तृतीयांश वाटा कसणाऱ्यास मिळावा, ही तेभागाची मागणी होती. १९४६ मध्ये ज्योती बसू बंगालच्या विधानसभेवर रेल्वे कामगारांच्या मतदारसंघातून निवडून आले, हे या पार्श्वभूमीवर अर्थपूर्ण वाटते. चहाच्या पेट्या वाहण्यासाठी टाकलेल्या रुळांवरून अखेर संघटनेचा विचारही प्रवास करू लागला. हे कोणत्याही संचालक मंडळाच्या योजनेत नव्हते.

फाळणी आणि दिशाबदल

१९४१ मध्ये बंगाल डुआर्स रेल्वे ईस्टर्न बेंगॉल रेल्वेत विलीन झाली. सहा वर्षांनी रॅडक्लिफ रेषेने तिचा कणाच मोडला. जलपायगुडी जिल्ह्याची तेतुलिया, पंचगड, बोदा, देवीगंज व पाटग्राम ही पाच ठाणी पूर्व पाकिस्तानात गेली, लालमणिरहाटही गेले. दक्षिणेस उघडणारी दारे बंद झाली. एवढेच नव्हे, तर आसामकडे जाणारे सर्व रेल्वेमार्ग पूर्व पाकिस्तानातून जात असल्यामुळे संपूर्ण ईशान्य भारत उर्वरित देशापासून रेल्वेच्या दृष्टीने तुटला.

यावर उपाय म्हणून १९४८ मध्ये आसाम रेल जोडमार्गाचे काम हाती घेण्यात आले. अभियंता कर्नेल सिंह यांच्या नेतृत्वाखाली किशनगंज ते फकिराग्राम हा २२९ किलोमीटरचा मार्ग सिद्ध झाला आणि २६ जानेवारी १९५० रोजी, प्रजासत्ताकाच्या पहिल्या दिवशी, त्यावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली. किशनगंज-सिलीगुडी हा नॅरोगेज मार्ग मीटरगेज करण्यात आला; सिलीगुडी-बागराकोट, मदारीहाट-हासीमारा व अलीपूरद्वार-फकिराग्राम हे तीन तुकडे नव्याने बांधले गेले. चहाने पन्नास वर्षांत न जोडलेली मदारीहाट-हासीमारा ही फट राष्ट्राच्या निकडीने दोन वर्षांत जोडली.

या घटनेचे महत्त्व केवळ अभियांत्रिकी नाही. वाहतुकीची दिशा आता उत्तर-दक्षिण न राहता पूर्व-पश्चिम झाली. डुआर्समधील नद्या हिमालयातून दक्षिणेकडे वाहतात. त्यामुळे तिस्ता, जलढाका, तोरसा यांसह प्रत्येक प्रवाह या मार्गास आडवा येतो. प्रारंभीच्या वर्षांत पुरांमुळे जोडमार्ग वारंवार खंडित झाला. ऑक्टोबर १९६८ च्या तिस्तेच्या महापुराने जलपायगुडी व परिसराची अपरिमित हानी केली. व्यापाराची वाट बदलल्याने आधीच उतरती कळा लागलेल्या दोमोहनीसारख्या ठाण्याला मग पूर्वीचे दिवस आले नाहीत.

रुंदीकरण आणि अरण्य

१९६० च्या दशकात दक्षिणेकडील मैदानातून, न्यू जलपायगुडी-न्यू कूचबिहार असा ब्रॉडगेज मार्ग तयार झाला व आसामकडील मुख्य वाहतूक तिकडे वळली. अरण्यातील मीटरगेज मार्ग पुन्हा स्थानिक झाला. गाड्या कमी, वेग माफक. मात्र २००३-०४ च्या सुमारास याही मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले आणि लांब पल्ल्याच्या व मालवाहू गाड्या जंगलातून वेगाने धावू लागल्या.

हा मार्ग महानंदा, चापरामारी, जलदापारा व बक्सा या संरक्षित वनांतून किंवा त्यांच्या कडेने जातो. एका वनखंडातून दुसऱ्या वनखंडात जाताना हत्तींचे कळप तो ओलांडतात. मधल्या भागात चहामळे व भातशेती असल्याने हे स्थलांतर बहुधा रात्री घडते. मुक्ती रॉय व रामन सुकुमार यांच्या अभ्यासानुसार १९७४ ते २००२ या मीटरगेजच्या २९ वर्षांत येथे गाडीखाली २७ हत्ती मृत्युमुखी पडले. २००४ ते २०१५ या ब्रॉडगेजच्या बारा वर्षांत ही संख्या पन्नासहून अधिक झाली. म्हणजे वर्षाला सरासरी एकाहून कमी असलेले प्रमाण चाराच्या वर गेले. सप्टेंबर २०१० मध्ये बानरहाटनजीक मालगाडीखाली सात हत्ती ठार झाले. नोव्हेंबर २०१३ मध्ये जलढाका पुलावर एका एक्सप्रेस गाडीने कळपास धडक दिली. त्यातही सात हत्ती गेले व त्यांत पिल्लेही होती.

त्यानंतर काही पट्ट्यांत रात्रीची वेगमर्यादा घालण्यात आली. २०२२ मध्ये चालसा-हासीमारा टप्प्यावर हत्तींची चाहूल टिपणारी ऑप्टिकल फायबर यंत्रणा कार्यान्वित झाली. हे उपाय स्वागतार्ह आहेत. तथापि मूळ प्रश्न यंत्रणेचा नसून प्रयोजनाचा आहे. १९५० मध्ये या मार्गास पर्याय नव्हता. राष्ट्राची ती निकड होती. १९६० च्या दशकानंतर मैदानी मार्गाचा पर्याय उपलब्ध होता व आजही आहे. त्यामुळे रात्रीची मालवाहतूक अरण्यातूनच का न्यावी, या प्रश्नाला १९५० चे उत्तर आता पुरेसे नाही.

निष्कर्ष

१) डुआर्सच्या लोहमार्गामुळे चहाची लागवड सुरू झाली नाही, आधीच प्रस्थापित झालेल्या चहा-भांडवलाच्या मागणीतून मार्ग निर्माण झाला व त्याने विस्तारास गती दिली.
२) फाळणीने मार्गाची दिशा बदलली. एका व्यवसायाचा पूरक मार्ग राष्ट्राच्या एकसंधतेचा दुवा बनला.
३) रेल्वे कामगार व मळ्यांतील श्रमिक यांचा संबंध हे दाखवितो की, मार्गाचे परिणाम त्याच्या प्रवर्तकांच्या हेतूपुरते सीमित राहत नाहीत.
४) रुंदीकरणानंतर वाढलेले हत्तींचे मृत्यू हे सुटे अपघात नसून वाहतुकीच्या स्वरूपाविषयी घेतलेल्या निर्णयाचा परिणाम आहेत.

या मार्गाविषयीचे प्रत्येक मोठे निर्णय त्याच्या दोन टोकांकडे पाहून घेतले गेले : प्रथम मळा व बंदर, नंतर दिल्ली व गुवाहाटी. मधल्या प्रदेशाचा, तेथील श्रमिकांचा आणि अरण्याचा विचार नेहमीच मागाहून झाला. ऑगस्ट २०२१ पासून पर्यटकांसाठी न्यू जलपायगुडी ते अलीपूरद्वार अशी काचेच्या छताचे डबे असलेली गाडी सुरू करण्यात आली. अरण्याचे मूल्य रेल्वेने मान्य केल्याचे हे एक चिन्ह म्हणता येईल. पण ज्या अरण्याच्या दर्शनासाठी दिवसा एक गाडी सावकाश नेली जाते, त्याच अरण्यातून रात्री मालगाड्या कोणत्या वेगाने जाव्यात, हे ठरविणे अधिक महत्त्वाचे आहे. सव्वाशेहून अधिक वर्षांच्या या इतिहासात मधल्या प्रदेशाच्या बाजूने निर्णय घेण्याची ती खरी संधी ठरेल.