पलटणीत गेलेला माणूस

काही वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातल्या एका गावात रस्ता रुंदीकरणाच्या मोजणीसाठी गेलो होतो. जुन्या चावडीची भिंत तीन-साडेतीन फूट आत घ्यावी लागणार होती. टेप धरणारा पोरगा म्हणाला, "साहेब, हितं कायतरी पाटी हाय." चुन्याचे इतके थर बसले होते की हात फिरवल्यावरच अक्षरे लागली. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून अमुक इतके लोक गेले, त्यांपैकी अमुक इतके कामी आले, एवढाच मजकूर. नाव एकही नाही.

अशा संगमरवरी पाट्या इंग्रज सरकारने पहिल्या महायुद्धानंतर गावोगाव बसवल्या. सातारा, रत्नागिरी, कुलाबा आणि आपल्या बेळगाव भागात त्या चावडीच्या, शाळेच्या, कुठे देवळाच्या भिंतीत आजही सापडतात. तेव्हापासून एक प्रश्न मनात घर करून आहे. पलटणीत गेलेल्या माणसाचे ऋण आपला समाज आजवर कसा मानत आला?

या पाटीच्याही आधीची खूण म्हणजे वीरगळ. आपल्याकडे जुन्या देवळाच्या आवारात हे दगड ढिगाने आहेत. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तो वीर आणि माथ्यावर चंद्रसूर्य. जोवर चंद्रसूर्य तोवर याची कीर्ती, असा त्याचा अर्थ. पण बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. कोणासाठी उभारला ते गावाला ठाऊक होते, म्हणून लिहिण्याची गरज भासली नसावी. पुढे पिढ्या बदलल्या, ओळख पुसली आणि दगडाला शेंदूर लागून त्याचा देव झाला.

शिवकाळात ऋण फेडण्याची रीत अधिक रोकडी होती. सभासदाच्या बखरीत अफझलखानाच्या प्रसंगानंतरची हकीकत आहे. लढाईत पडलेल्यांच्या मुलांना महाराजांनी चाकरीत घेतले, ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निम्मे वेतन चालू केले, जखमींना जखम पाहून बक्षीस दिले. यात भाषण नाही, सत्कार नाही. मागे राहिलेल्यांची चूल पेटती राहील एवढे पाहिले आहे. मी सरकारी नोकरीत वीस वर्षे काढली, त्यामुळे असेल, पण मला या हकिकतीचे मोल पोवाड्यापेक्षा जास्त वाटते.

इंग्रजी अमलात चित्र पालटले. मुंबई इलाख्याच्या फौजेत १७६८ साली उभ्या राहिलेल्या पलटणीपासून मराठा लाइट इन्फंट्री आपला वंश सांगते. १९२२ साली या रेजिमेंटचे केंद्र बेळगावात आले. तेव्हापासून कॅम्पातला बिगुल हा आपल्या शहराच्या घड्याळाचाच भाग आहे. पण ज्या घटनेने ही पाटी समजते ती त्याच्या सहा वर्षे आधीची.

एप्रिल १९१६ मध्ये बेळगावात मुंबई प्रांतिक परिषद भरली होती. २८ एप्रिलला लोकमान्य टिळकांच्या होमरूल लीगची इथे स्थापना झाली. आपण बेळगावकर ही तारीख अभिमानाने सांगतो, आणि सांगावीच. पण दुसऱ्याच दिवशी, २९ एप्रिलला, हजारो मैल दूर मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा येथे जनरल टाउनशेंडची फौज तुर्कांना शरण गेली. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. अन्न संपत आले तेव्हा घोडे कापावे लागले. धर्म बुडेल आणि गावी तोंड दाखवता येणार नाही म्हणून अनेक हिंदी शिपायांनी ते मांस कित्येक आठवडे नाकारले आणि उपासाने, स्कर्व्हीने ते खंगले. सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली. त्यांना वाळवंटातून चालवत नेले, रेल्वेच्या कामाला जुंपले. पुष्कळजण परत आलेच नाहीत.

इथे स्वराज्याचा ठराव आणि तिथे महिना अकरा रुपयांवर लढणारा आपलाच शेतकरी. या दोन गोष्टी आपण एकत्र कधी सांगत नाही, कारण दुसरी सांगताना अडचण होते. तो कोणासाठी लढला? साम्राज्यासाठी, हे खरे. पण घरी मनीऑर्डर यावी, सावकार दारातून हटावा, हेही तितकेच खरे.

टिळकांना ही अडचण नेमकी दिसली होती. हिंदी माणसाला शिपाई म्हणून घेता, मग अधिकारी का करत नाही, हा त्यांचा सवाल होता. १९१८ साली गांधीजी सैन्यभरतीसाठी फिरत होते तेव्हा टिळकांनी त्यांना पन्नास हजार रुपयांचा धनादेश पाठवला. हिंदी लोकांना अधिकारपदे देण्याचे वचन सरकारकडून मिळवा, मी महाराष्ट्रातून पाच हजार माणसे देतो; न दिली तर हे पैसे जप्त, अशी ती पैज होती. गांधीजींनी धनादेश परत केला. सैनिकाचा मान म्हणजे कौतुकाचे शब्द नव्हेत, बरोबरीचा दर्जा, हे टिळकांनी असे व्यवहारात मांडले.

तो दर्जा मेल्यावरही मिळाला नाही. बसरा येथील स्मारकावर इंग्रज शिपायाचे नाव कोरले गेले. हिंदी फौजेतल्या अधिकाऱ्यांचीही नावे आली. पण तीस हजारांहून अधिक हिंदी शिपायांची तिथे पलटणवार फक्त संख्या नोंदली गेली. २०२१ साली राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाने हा भेदभाव झाल्याचे मान्य करून माफी मागितली. गावच्या पाटीवर नाव का नाही, याचे उत्तर मला त्या बातमीत मिळाले.

बोट नेहमी इंग्रजाकडेच दाखवायचे असे मात्र नाही. मुंबईच्या फौजेत पिढ्यान् पिढ्या लढलेल्या महार समाजाची भरती १८९० नंतरच्या काळात 'लढाऊ जाती'च्या नावाखाली बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज केला. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली आणि गरज संपताच १९२१ मध्ये मोडली. सुभेदार रामजींचे चिरंजीव डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पुढे हा प्रश्न लावून धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. कुठे, तर आपल्या बेळगावात. मराठा रेजिमेंटबद्दल भरभरून बोलणाऱ्या आपल्या किती घरांत ही गोष्ट माहीत आहे? मला स्वतःला ती पस्तिशी उलटल्यावर कळली.

दुसऱ्या महायुद्धात नावे तरी राहिली. इटलीत नाईक यशवंत घाडगे यांना १९४४ साली मरणोत्तर आणि शिपाई नामदेव जाधव यांना १९४५ साली व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडग्यांचे नाव कासिनोच्या स्मारकावर कोरलेले आहे. स्वातंत्र्यानंतर १९४९ पासून ७ डिसेंबरला ध्वजदिन आला. शाळेत आम्ही छातीवर ते छोटे निशाण टाचणीने लावायचो आणि संध्याकाळपर्यंत हरवायचो. कारगिलच्या वेळी पार्थिव गावी येऊ लागली तेव्हा कुठे हुतात्म्याचे नाव साऱ्या तालुक्याला कळू लागले. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात २०१९ पासून प्रत्येकाचे नाव ग्रॅनाइटच्या विटेवर आहे, पण ती यादी स्वातंत्र्यानंतरची.

आता थोडे घरचे. आपल्या शहरी घरांतून पोरगा इंजिनिअर होतो, पुण्याला जातो, परदेशी जातो. शिपाई होत नाही. भरतीच्या दिवसांत पहाटे कॅम्पाच्या रस्त्यावर धावणारी आणि रात्री फूटपाथवर झोपणारी पोरे खेड्यातली असतात. २६ जानेवारीला टाळ्या वाजवणारे आपण, पण पलटणीतल्या मुलाला मुलगी देताना तीनदा विचार करतो. मीही केला असता, खोटे कशाला बोलू. खेड्यात निदान निवृत्त नाईकालाही लोक प्रेमाने 'सुभेदार' म्हणतात आणि पंगतीत पुढे बसवतात. आपल्याकडे तो बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभा असतो आणि आपण त्याला पासबुकाची रांग कुठली ते विचारतो.

त्या पाटीचे काय झाले, हे सांगायचे राहिले. अंदाजपत्रकात 'पाटी काढून पुन्हा बसविणे' असे कलम घातले होते. हे अनावश्यक आहे, असा शेरा मारून ते वरून परत आले. शेवटी गावकऱ्यांनीच वर्गणी काढून गवंडी लावला, आणि आता ती ग्रामपंचायतीच्या नव्या इमारतीत दर्शनी भिंतीत आहे. तिथले एक निवृत्त गुरुजी घरोघर फिरून नावे गोळा करताहेत. कोणाच्या देव्हाऱ्यात बिल्ला निघाला, कोणाच्या ट्रंकेत पेन्शनचा कागद. एका म्हातारीला आजेसासऱ्याचे नाव आठवेना, पण तो 'बसऱ्याला गेला' एवढे पक्के आठवत होते. गेल्या चतुर्थीला गेलो तेव्हा गुरुजींनी वही दाखवली. पाटीवरचा आकडा आणि वहीतली नावे अजून जुळलेली नाहीत.