एक्सेल : रिकामा सेल उगाच लाल का होतो?

बचत गट असो, सोसायटी असो की दुकानाची उधारी. वसुलीचा हिशेब आता बहुतेक एक्सेलमध्येच असतो. ‘देय तारीख आजच्या आधीची असेल तर लाल’ असा कंडिशनल फॉरमॅटिंगचा नियम आपण लावतो. पण ज्यांची तारीख अजून ठरलेलीच नाही, त्यांचे रिकामे सेलही लाल होतात. मग थकबाकी नसलेल्यालाच तगाद्याचा फोन जातो अन् माणूस दुखावतो.

कारण साधं आहे. तुलना करताना एक्सेल रिकामा सेल शून्य धरतं. तारीखसुद्धा आतून आकडाच असते. १ जानेवारी १९०० म्हणजे १. शून्य त्याच्याही मागे, म्हणून ‘मुदत संपली’.

उपाय असा :

१. तारखांचा तोच भाग निवडून होम, कंडिशनल फॉरमॅटिंग, न्यू रूल उघडा.

२. ‘फॉरमॅट ओन्ली सेल्स दॅट कंटेन’ घ्या. पहिल्या यादीत ‘ब्लँक्स’ निवडा. रंग न देता ओके करा.

३. ‘मॅनेज रूल्स’मध्ये हा नियम सर्वात वर ठेवा आणि ‘स्टॉप इफ ट्रू’वर टिक करा.

नुसती स्पेस पडलेला किंवा फॉर्म्युल्यामुळे कोरा दिसणारा सेलही यात येतो.

तारीख भरायची राहिलीय हे लक्षात राहावं असं वाटत असेल, तर ब्लँक्सच्या नियमाला फिकट पिवळा रंग द्या. लाल मात्र खऱ्या थकबाकीलाच राहू दे.