शब्दवेध : वाघोबा

संस्कृत ‘व्याघ्र’चा प्राकृतात ‘वग्घ’ झाला आणि मराठीत ‘वाघ’. परंपरेने ‘व्याघ्र’ची फोड वि-आ-घ्रा अशी करतात, म्हणजे हुंगत जाणारा. मला मात्र शेपटाकडचा ‘ओबा’ अधिक मोलाचा वाटतो. ज्ञानोबा, तुकोबा, विठोबा, खंडोबा या नावांत जो वडीलधाऱ्यांचा ‘बा’ आहे, तोच आपण वाघाला लावला. संताला, देवाला आणि श्वापदाला एकच प्रत्यय! नागोबा आणि कोल्होबाही त्याच पंगतीत आहेत.

पालघर-ठाण्यातल्या वारल्यांसाठी वाघोबा हा पुजायचा देव आहे. दगडावर किंवा लाकडावर कोरलेला वाघ आणि सोबत सूर्य-चंद्र. गावाकडे बिबट्यालाही ‘वाघ’च म्हणतात, त्यामुळे हा देव दोघांचाही. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतल्या वाघोबाच्या दीडशेहून अधिक स्थानांची नोंद झाली. वाघोबाला त्याचा मान दिला की तो राखण करतो, अशी तिथली धारणा आहे. म्हणून हल्ले होतच नाहीत असे नाही; पण बिबट्याबरोबर एकाच रानात राहायचे आहे, हे तिथे गृहीत असते.

अश्विन वद्य द्वादशीला आपण वसुबारस करतो, गाय-वासराला पुजतो. त्याच तिथीला आदिवासी पाड्यांवर वाघबारस असते. गाय आणि तिला खाणारा, दोघांचा सण एकाच दिवशी. बिबट्या दिसला की ‘पकडून न्या’ म्हणणाऱ्या आपण शहरवासीयांनी हे नाते आधी समजून घ्यावे.