आझोर्सचा मुकुटोत्सव व त्याची वंशपरंपरा

पोर्तुगीजांचा विषय निघाला म्हणजे आमच्या वाचकांस प्रथम इ. स. १७३९ चा वसईचा वेढा आठवतो. किल्ले, आरमार व तहनामे यांवरून त्या लोकांची जी ओळख होते, ती अपुरी होय. त्यांच्या कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या आचारांकडेहि संशोधकांनीं पाहावें, या हेतूनें एका उत्सवाची हकीकत येथें देत आहों.

अटलांटिक महासागरांत पोर्तुगालच्या पश्चिमेस आझोर्स हीं नऊ बेटें आहेत. पंधराव्या शतकांत तेथें वसाहत झाली. पवित्र आत्म्याचा उत्सव हा तेथील मोठा सण. राजा दिनिश याची राणी इझाबेल (मृत्यु इ. स. १३३६) हिनें पोर्तुगालांत आलेंकेर येथें तो सुरू केला व राजमुकुट एका गरिबाच्या मस्तकीं ठेवविला, अशी आख्यायिका आहे. तिला समकालीन कागदाइतकें वजन देतां येणार नाहीं. तथापि उत्सवाचें मर्म तींत बरोबर उतरलें आहे.

गांवोगांवच्या संघांजवळ रुप्याचा मुकुट व राजदंड असतो आणि त्यांवर कबुतराची आकृति असते. ईस्टर व पेंटेकॉस्ट यांमधील सात आठवड्यांचे मानकरी चिठ्ठ्या टाकून ठरवितात. पाळी आलेल्या घरीं मुकुट वेदीवर मांडतात व सायंकाळीं शेजारीपाजारी जमून जपमाळेची प्रार्थना म्हणतात. पुढें मानकऱ्याच्या किंवा त्यानें नेमिलेल्या मुलाच्या मस्तकीं तो ठेवितात. मिरवणूक निघते आणि पाव व मांसाचा रस्सा यांचें अन्नदान होतें.

देवमाशांच्या शिकारी गलबतांवरून या बेटांचे लोक एकोणिसाव्या शतकांतच अमेरिकेस जाऊं लागले होते. कॅलिफोर्नियांतील सॅन डिएगो येथें या उत्सवाचा प्रघात इ. स. १९१० पासूनचा आहे. पुढें फायाल बेटाच्या किनाऱ्यास इ. स. १९५७-५८ मध्यें ज्वालामुखीचा उद्रेक झाला, तेव्हां अमेरिकेनें इ. स. १९५८ त खास कायदा करून तेथील पीडितांस आश्रय दिला व ही वस्ती वाढली.

कॅलिफोर्नियांत मुकुटाचा मान बहुधा तरुण मुलीस मिळतो. ती राणी इझाबेलच्या जागीं असते. तिच्या मखमली झग्यावर भरजरी नक्षी असते. तिच्या मागून लहान मुलीहि राण्या होऊन चालतात. यावर कोणी म्हणेल, कीं गरिबाच्या मस्तकींचा मुकुट श्रीमंती पोषाखाच्या शोभेस गेला, तेव्हां मूळ उत्सव राहिला कोठें? आक्षेप अगदींच पोकळ नव्हे. पोषाखाचा खर्च अन्नदानाहून मोठा झाला, तर उत्सवाचें नांव तेवढें उरेल. परंतु रस्सा अद्याप सर्वांस विनामूल्य वाढला जातो. शिवाय आजोबांची भाषा जिला नीट येत नाहीं, अशा नातीसहि कांहीं तरी करावयाचें काम मिळतें. आज जी लहान राणी, ती उद्यां आपल्या मुलीच्या झग्याला टांका घालते. आमच्या मतें परंपरा टिकते ती या पाळीमुळें. केवळ कौतुकानें नव्हे.

संग्राहकांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें, कीं संघांचे हिशेब, मानकऱ्यांच्या याद्या व राण्यांचीं छायाचित्रें हींहि दप्तरेंच होत. तीं जपावीं, आणि जपतांना चित्रांतील माणसें ओळखणारीं वृद्ध मंडळी हयात आहेत, तोंवर त्यांजकडून नांवें लिहवून घ्यावीं. नांव नसलेल्या चित्रांत नात आपली आजी ओळखूं शकत नाहीं.