पालकातली ऊब

पानिपत म्हटलं की आपण मराठी माणसं १४ जानेवारी १७६१पाशी अडतो. मी तिथं जायचो शीतगृहांची यंत्रं दुरुस्त करायला, त्यामुळे माझं पानिपत सनौली रोडच्या भाजीमंडईतलं. मे महिन्यातल्या एका पहाटे पल्लेदारानं माझा हात धरून पालकाच्या पोत्यात कोपरापर्यंत घातला. "देख ताऊ, भीतर से गरम!" वरची पानं ओली, गार, आतली चक्क कोमट. खुडलेलं पान श्वास घेतच राहतं, त्याची ऊब पोत्यात कोंडते आणि दुपारपर्यंत मधल्या जुड्या पिवळ्या पडतात.

यावर जुना इलाज ओल्या गोणपाटाचा. लू वाहते तेव्हा तो झकास चालतो. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. १९८०च्या दशकात दिल्लीच्या पुसा संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी याच युक्तीला विटांचं घर दिलं. दुहेरी भिंत, मध्ये साडेसात सेंटिमीटर ओली वाळू, वीज शून्य. ऐन उन्हाळ्यात आत १० ते १५ अंश कमी. श्रावणात मात्र हवाच ओलीचिंब, तेव्हा दोन्ही उपाय हात टेकतात.

मग भाजी बंद टाकीत ठेवून आतली हवाच उपसून काढावी लागते. दाब ६ मिलिबारच्या आसपास आणला की पाणी शून्य अंशालाच उकळतं, बाहेर पाऊस असो की ऊन. पालकासारख्या पानांना हे मानवतं, बटाट्याला नाही. हवा उपसून, ईथर उडवून गारवा आणता येतो हे स्कॉटलंडच्या विल्यम कलेननं १७५६च्या निबंधात मांडलं, म्हणजे भाऊसाहेब उत्तरेला निघायच्या चार वर्षं आधी. भाजीपर्यंत ते पोचलं १९४०च्या दशकाच्या अखेरीस, कॅलिफोर्नियाच्या सॅलिनास खोऱ्यात. तोवर तिथले लोक शेडमध्ये लेट्यूस बर्फाच्या चुऱ्यासकट लाकडी पेट्यांत भरत. आता पुठ्ठ्याची खोकी पोलादी टाकीत अर्ध्या तासात गार होऊ लागली. भरणी शेतातच होऊ लागली आणि शेडमधल्या संघटित कामगारांच्या जागी मेक्सिकोहून कंत्राटावर आणलेले मजूर आले. यंत्राच्या माहितीपत्रकात हे छापत नाहीत.

मंडईतल्या एका आढत्याला मी हिशेब सांगितला: दर ६ अंशांमागे वजनातलं साधारण १ टक्का पाणी जातं, ३६ वरून ६ अंशांवर आणायचं तर क्विंटलमागे पाच किलो. वहीतून डोकं न काढता तो म्हणाला, पैसे मोजून माल हलका का करून घ्यायचा? समोर त्याचा पोरगा पोत्यांवर पाणी मारत होता, तेही तराजूत चढणारं. मी म्हटलं, यंत्रातही भाजीवर पाणी फवारता येतं. मग उडतं ते बरंचसं वरचंच. तेव्हा कुठं त्यानं वही मिटली आणि यंत्राची किंमत विचारली.